निशी-कसाईचे सोमण

सोमण गेल्याचं त्यांच्या बायकोने, मीनलवहिनींनी, पुण्याहून फोनवर सांगितलं तेव्हा मी इथे जपानात, फुनाबोरीच्या सुपरमार्केटात कोथिंबिरीचं पाकीट हातात घेऊन उभी होते. "सकाळी चहा घेतला, खिडकीत बसले आणि बसल्या जागीच गेले," त्या म्हणाल्या. आवाज शांत होता. मग थोडं थांबून म्हणाल्या, "अनुजा, तुमच्या ऑफिसातल्या लोकांना तू सांगशील का? मला तिथलं कुणाला कसं सांगावं ते सुचेना. जपानी सगळं विसरले मी."

मी घरी येऊन तानाका-सानना फोन केला. ते आमचे जुने सेक्शन हेड, आता निवृत्त झालेले. बातमी त्यांनी ऐकून घेतली. मग त्यांनी विचारलं, "पुण्यात आता थंडी असते का?"

"फार नसते," मी म्हटलं.

"मग बरं," ते म्हणाले.

विद्याधर सोमण आमच्या टीममध्ये डेटाबेस बघायचे. आम्ही एका विमा कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहीत होतो. अशा कामात सगळी माहिती तक्त्यांमध्ये ठेवलेली असते. एका तक्त्यात माणसं, दुसऱ्यात त्यांच्या पॉलिसी, आणि कुठली पॉलिसी कुणाची हे सांगणारे दुवे. मी पुण्याहून नवीन आले तेव्हा सगळे इंजिनियर एकाच सामायिक डेटाबेसवर काम करत. एकाने तक्ता बदलला की दुसऱ्याचा प्रोग्रॅम बंद पडायचा आणि मग दिवसभर कोणी काय केलं याची चौकशी. सोमणांना हे अजिबात पसंत नव्हतं. त्यांचं म्हणणं, प्रत्येकाच्या लॅपटॉपवर त्याचा स्वतःचा, लहानसा, खोट्या माहितीचा डेटाबेस हवा. "सामायिक नळावर भांडणंच होणार," ते म्हणायचे. "आपापल्या घरात नळ घ्या." पण ते लावत बसायला कोणाला वेळ नव्हता, आणि मोठ्या साहेबांना त्यात काही राम दिसत नव्हता.

ते उंच होते आणि खांद्यात थोडे वाकलेले. एप्रिल संपेपर्यंत बिनबाह्यांचा करडा स्वेटर अंगात असायचा. बोलताना समोरच्याकडे न बघता त्याच्या स्क्रीनकडे बघायचे. शिकवताना दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. कितीही अडलं तरी ते दुसऱ्याच्या कीबोर्डला हात लावत नसत. मी एकदा कंटाळून म्हटलं, "सोमण-सान, तुम्हीच टाइप करा ना, दोन मिनिटांत होईल."

"दोन मिनिटांत होईल, पण मग ते माझं होईल," ते म्हणाले. "उद्या बिघडलं की तू मला शोधत येशील. मी जेवायला गेलेला असेन."

नव्या माणसाकडून डेटाबेस बसवून घेण्याची त्यांची एक ठरलेली पद्धत होती. आधी तो बसवायचा, मग त्याला नुसती वेळ विचारायची. त्याने वेळ सांगितली की सोमण मान डोलवायचे. "बरं. जागा झालाय. आता बोला त्याच्याशी." पण त्याआधी लिपीची निवड बरोबर झाली आहे ना, हे ते तीन-तीनदा विचारायचे. ती चुकली की जपानी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसतात. जपानीत त्याला मोजिबाके म्हणतात. सोमण त्याला अक्षरांचा चिवडा म्हणत. "लिपी जन्माच्या वेळी ठरवायची असते. नंतर बदलायला गेलात की चिवडा." निवड बरोबर झाली का हे बघायला ते पहिल्या तक्त्यात एकच नाव तीन लिप्यांमध्ये भरायला सांगत. जपानीत, इंग्रजीत आणि देवनागरीत. नाव नेहमी एकच असायचं: इरा.

इरा त्यांची मुलगी. आमच्या टीममधल्या जवळजवळ प्रत्येकाच्या लॅपटॉपवर, मग तो ओसाकाहून आलेला असो की चेन्नईहून, पहिली ओळ तिची होती.

हे सगळं भरलं, चाललं, नवा माणूस खूश झाला की सोमण सांगायचे, "आता सगळं पुसून टाक."

तो दचकून बघायचा.

"पुस आणि पहिल्यापासून परत उभं कर. मोडून परत मांडता आलं म्हणजे भीती जाते. नाही तर आयुष्यभर जपून वापरत बसशील."

दोन हजार अकराच्या मार्चमधल्या मोठ्या भूकंपानंतरच्या आणि त्सुनामीनंतरच्या आठवड्यात त्यांचं म्हणणं एकदम सगळ्यांना पटलं. आमचा सामायिक सर्व्हर शहराबाहेरच्या एका इमारतीत होता आणि तिथे पाळीपाळीने वीज बंद होत होती. गाड्या कधी चालायच्या, कधी नाही. ऑफिसने सांगितलं, घरून जमेल तेवढं करा. पण सर्व्हरच नाही तर घरून करणार काय? आम्ही तेव्हा उरायासुला, समुद्र हटवून केलेल्या जमिनीवरच्या एका इमारतीत राहत होतो. तिथे रस्त्यांतून करडी वाळू आणि चिखल वर आला होता. विजेचे खांब कलले होते. नळाला पाणी नव्हतं, संडास वापरता येत नव्हते. माझा नवरा नेमका कामासाठी सिंगापूरला अडकला होता. मी एकटी, शाळेच्या मैदानावर टँकरपाशी रांग लावून पाणी आणत होते आणि आईला फोनवर सगळं ठीक आहे म्हणून सांगत होते.

अशा एका सकाळी दारावर टकटक झाली. बाहेर सोमण. निशी-कसाईच्या आपल्या घरून सायकलने, नदीवरचा पूल ओलांडून आले होते. पुढच्या टोपलीत लॅपटॉपची बॅग, मागे दोरीने बांधलेला पाण्याचा कॅन. पँटवर गुडघ्यापर्यंत चिखल.

"पाणी आधी ओतून घे," ते म्हणाले. "वहिनीने थालीपीठं दिलीत. ती खा. मग तुझा लॅपटॉप काढ."

माझ्या सहा चटया मावतील एवढ्या खोलीत ते हात पाठीमागे बांधून उभे राहिले आणि मी डेटाबेस बसवला. मध्ये दोनदा धक्के आले. दिवा हलायला लागला की ते बोलणं थांबवायचे, दिवा स्थिर झाला की पुढचं वाक्य सांगायचे. काम झाल्यावर, चालतंय हे बघितल्यावर, मला का कोण जाणे रडू आलं. सोमणांनी खिडकीबाहेर बघितलं. "आता दोन दिवस तुला कुणाची गरज नाही," ते म्हणाले. "वीज जायची वेळ झाली की नीट बंद करत जा." आणि पुढच्या घरी गेले. त्या आठवड्यात ते असे टीममधल्या किती जणांकडे गेले याचा हिशोब कोणी ठेवला नाही. जपानी सहकाऱ्यांकडेही गेले. काम थांबलं नाही.

आणि त्याच आठवड्यात त्यांचं स्वतःचं घर रिकामं झालं.

तेव्हा निशी-कसाईतली कितीतरी भारतीय कुटुंबं मिळेल त्या विमानाने निघाली होती. किरणोत्साराच्या बातम्या येत होत्या, दुकानांतून बाटलीबंद पाणी गायब झालं होतं. मीनलवहिनी आधीपासून घाबरलेल्या होत्या. इरा सहा वर्षांची. एप्रिलमध्ये ती जपानी शाळेत पहिलीत जाणार होती. तिच्यासाठी सोमणांनी हिवाळ्यातच लाल रांदोसेरु आणून ठेवलं होतं. ते इथल्या मुलांचं पाठीवरचं कडक चामड्याचं दप्तर. सहा वर्षं टिकतं, आणि आईबाप ते फार हौसेने घेतात. वहिनी म्हणाल्या, तिघं जाऊ. सोमण म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, मी महिनाभरात येतो. इराने जाताना दप्तर मागितलं. ते म्हणाले, राहू दे, परत येशील तेव्हा लागेल.

पुढे त्या दोघांच्यातलं काही विचारायला मी कधी गेले नाही. पण एकदा, बऱ्याच महिन्यांनी, दुपारी डबा खाताना त्यांनी आपणहून विषय काढला.

"सगळे विचारतात, का नाही गेलास," ते म्हणाले. "भूकंपानंतरच्या सोमवारी तानाका-सान ऑफिसात आले होते. त्यांची बहीण उत्तरेला, समुद्राकाठी राहायची. तिचा पत्ता नव्हता. तरी आले, टेबल पुसलं आणि बसले. ते बसलेले आणि मी विमानात, हे मला जमेना."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"हे खरं आहे," ते म्हणाले, "पण पहिल्या महिन्यापुरतं. नंतर मग राहायची सवय झाली. मीनलला तिथे राहायची सवय झाली. यापलीकडे कारण नाही काही."

तानाका-सानची बहीण सापडली नाही. ते त्याबद्दल ऑफिसात बोलत नसत. त्यांच्याबद्दलचा एक प्रसंग मात्र सांगायला हवा, कारण त्यात सोमण पूर्ण दिसतात. सामायिक डेटाबेस नंतर परत सुरू झाला होता, शेवटच्या चाचणीसाठी. एका सकाळी तानाका-सान स्वतःच्या लॅपटॉपवरचा सराव पुसायला गेले आणि चुकून सामायिक डेटाबेसच पुसून बसले. सगळ्यांचे पडदे एकदम कोरे. कोणी केलं हे कळायच्या आत ते स्वतःच उठले, सगळ्यांसमोर उभे राहिले आणि कमरेत वाकून माफी मागितली. ते वाकलेले उठेनात. साठीकडे आलेला माणूस. त्या वर्षी ते फार बारीक झाले होते. कोणाला काय करावं ते सुचेना.

सोमण आपल्या जागेवरून उठले, त्यांच्यासमोर गेले आणि तेवढेच वाकले. जपानीत म्हणाले, "पुसता येईल असा ठेवला ही माझी चूक. तानाका-साननी दाखवून दिली, आभारी आहे." दोघं समोरासमोर तसेच वाकलेले. मग सोमण सरळ झाले आणि आम्हाला म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीपर्यंत परत उभा करू. आपापल्या मशीनवर सगळं आहेच." आणि खरोखरच दुपारपर्यंत सगळं पूर्ववत झालं. तानाका-सानचं नाव अहवालात कुठेही आलं नाही.

दर रविवारी सकाळी, म्हणजे पुण्यात उजाडल्या उजाडल्या, सोमण इराशी लॅपटॉपवर बोलायचे. आम्ही कधी त्यांच्याकडे नाश्त्याला गेलो असलो तर ते संकोच न करता आमच्यासमोरच बोलायचे. पहिल्या वर्षी इरा सगळं जपानीत सांगायची. "पापा, इत्सु कुरु नो?" कधी येणार. वहिनी मागून म्हणायच्या, मराठीत बोल गं बाबांशी. सोमण म्हणायचे, असू दे. त्या बापलेकीची जपानी गंमतच होती. दोघं मिळून चिऊकाऊसारखे शब्द बनवायचे, बेडकाच्या, भोपळ्याच्या गोष्टी सांगायचे, आणि वहिनींना त्यातलं अर्धं कळायचं नाही. मग इरा पुण्यातल्या शाळेत रमली. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी बोलायला लागली. इतर घरांतून आईबाप मुलांचं मराठी जातंय म्हणून काळजी करत होते. सोमणांच्या घरात उलटं चाललं होतं.

एका रविवारी त्यांनी तिला त्यांचा जुना बेडकाचा विनोद जपानीत सांगितला. इरा स्क्रीनवर नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, व्हॉट डझ इट मीन?"

सोमणांनी अर्थ मराठीत सांगितला. मराठीत त्याला काही विनोद उरत नव्हता. ती शहाणी मुलगी, तरी हसली. लॅपटॉप बंद करून ते स्वयंपाकघरात गेले आणि आमच्यासाठी परत चहा टाकला. आम्ही आत्ताच प्यायलो होतो.

त्यानंतर एका मे महिन्यात वहिनी इराला घेऊन पंधरवड्यासाठी आल्या. सोमणांनी आठवडाभर आधीपासून घर धुऊन काढलं होतं. इराची गादी उन्हात घातली होती, भिंतीवरची तिची चित्रं तशीच होती. मी भेटायला गेले तेव्हा इरा घरभर फिरत होती, पाहुण्यासारखी, कशाला हात न लावता. कपाटावरचं लाल दप्तर तिला दिसलं.

"बाबा, हे कोणाचं आहे?"

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं. सोमण चष्मा पुसत होते. "दुकानातून आणलं होतं," ते म्हणाले. "परत द्यायचं राहून गेलं."

त्या भेटीत वहिनी माझ्याशी मोकळेपणाने बोलल्या. बागेत बाकावर बसलो होतो, इरा घसरगुंडीवर होती. "मला राहायचं होतं गं इथे," त्या म्हणाल्या. "येताना ठरवूनच आले होते की बघू जमतंय का. पण रात्रंदिवस माझी नजर दिव्याकडे. हलला का, हलला का. पलंगावर बसले तरी जमीन हलल्यासारखं वाटतं. तिथे माझी नोकरी लागली, आई आहे. यांना म्हटलं, तुम्ही या. ते 'बरं' म्हणतात. कशालाच नाही म्हणत नाहीत, हीच पंचाईत आहे त्यांची."

त्या गेल्या. सोमणांनी ते दप्तर शेजारच्या तमिळ कुटुंबातल्या मुलीला देऊन टाकलं. पुढच्या एप्रिलपासून ती ते पाठीला लावून शाळेत जायला लागली. त्याच सुमाराला सोमण ऑफिसला बरेच लवकर यायला लागले, मुलं शाळेला निघायच्या आधी.

दोघांनी वेगळेपणाला कधी नाव दिलं नाही. कागद झाले नाहीत, भांडण झालं नाही. सोमण वर्षातून एकदा पुण्याला जायचे, दिवाळीला, आणि परत यायचे. वर्षं गेली. आम्ही फुनाबोरीला आलो, मला मुलगा झाला. तानाका-सान निवृत्तीला आले. टीममध्ये नवी नवी माणसं येत राहिली आणि सोमण हात पाठीमागे बांधून त्यांच्या खुर्चीमागे उभे राहत राहिले.

तसे उभे असतानाच ते घडलं. समोर पुण्याहून आलेली एक मुलगी बसली होती. तिने पहिली ओळ भरली आणि विचारलं, "पुढे?" सोमण काहीतरी म्हणाले. तिला वाटलं जपानी असेल. परत विचारलं. त्यांनी परत तेच काहीतरी सांगितलं, शांतपणे, शिकवण्याच्याच आवाजात, पण ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं. त्यांना स्वतःला ते कळत नव्हतं. ते उत्तराची वाट बघत होते. तानाका-साननी पलीकडून पाहिलं, धावत आले आणि त्यांना खुर्चीत बसवलं. उजवा हात मांडीवरून खाली घसरत होता. अँब्युलन्स येईपर्यंत तानाका-सान तो हात आपल्या दोन्ही हातांत धरून जमिनीवर गुडघे टेकून बसले होते.

जीव वाचला. उजवी बाजू लुळी पडली आणि भाषा गेली, तिन्ही भाषा. स्पीच थेरपिस्ट बाई रोज चित्रांचे पत्ते दाखवायच्या. छत्री, घड्याळ, मांजर. ते चित्राकडे बघायचे, ओठ हलवायचे, घाम यायचा आणि एकच शब्द बाहेर पडायचा. "बरं." त्या बाईंनी मला एकदा बाजूला घेऊन विचारलं, या शब्दाचा अर्थ काय? मी सांगायला लागले आणि मला नीट सांगता येईना. ठीक आहे, असं म्हटलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

मीनलवहिनी आल्या. सोबत इरा, आता आईपेक्षा उंच. वॉर्डच्या दारात वहिनी क्षणभर थांबल्या. सोमण पलंगावर बसले होते. त्यांनी वहिनींना बघितलं, मग इराला, आणि त्यांचा चेहरा एका बाजूने हसला. "बरं," ते म्हणाले. "बरं. बरं."

"हो," वहिनी म्हणाल्या, "आले मी," आणि त्यांच्या पायाशी पलंगाच्या कडेवर बसल्या.

सोमणांना पुण्याला न्यायचं ठरलं तेव्हा निशी-कसाईचं घर आवरायला मी मदतीला गेले होते. काय टाकायचं, काय कुठल्या दिवशीच्या कचऱ्यात जातं, हे इथले नियम वहिनी विसरल्या होत्या. चिनीमातीच्या बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळताना एकदम म्हणाल्या, "सगळं मी ठेवून गेले तिथेच आहे. मसाल्याचा डबासुद्धा त्याच फळीवर. मला वाटायचं, यांनी आपली वेगळी घडी बसवली असेल. बसवली असती तर मला सोपं गेलं असतं." इरा खाली बसून पुस्तकं बांधत होती. तिने मान वर केली नाही, पण तिचे हात थांबले.

त्यांना नारिता विमानतळावर सोडायला मी आणि तानाका-सान गेलो. सोमणांनी व्हीलचेअर नको म्हणून मान हलवली, काठी घेतली. तानाका-सान त्यांच्यापुढे वाकले. सोमणांना वाकता आलं नाही, तोल जात होता. त्यांनी डावा हात पुढे केला आणि तानाका-साननी तो धरला.

सामान तपासणीपाशी गर्दी होती. माणसांच्या मधून जेवढं दिसत होतं तेवढं मी बघत राहिले. सोमणांच्या पायाला आधाराची पट्टी होती, त्यामुळे यंत्र वाजलं. तिथल्या मुलीने नम्रपणे बूट काढायची खूण केली. ते खाली बघत उभे राहिले. वहिनींनी खांद्यावरची पर्स इराकडे दिली, जमिनीवर बसल्या, त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडल्या, एकेक पाऊल उचलून बूट काढले आणि ट्रेमध्ये ठेवले. ते पलीकडे गेले. वहिनी परत खाली बसल्या, बूट चढवले आणि नाड्या बांधायला लागल्या. पडू नये म्हणून सोमणांनी डावा हात त्यांच्या खांद्यावर टेकवला. नाड्या बांधून झाल्या. सोमणांनी हात काढला नाही. मागे लोक खोळंबले होते, ती मुलगी पुढे सरकायला सांगत होती, इरा दोघांचं सामान घेऊन उभी होती. वहिनी उठल्या नाहीत. तो हात तिथे होता तोवर त्या तशाच बसून राहिल्या.